सांडपाण्यातून काय काढावे आणि काय तसेच सोडावे?

सांडपाण्यातून खत, वायू, पाणी परत मिळवण्याबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यातले निवडक इथे घेतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोनशे फ्लॅट आहेत, स्वतःचा एसटीपी (मैलापाणी शुद्ध करणारा प्रकल्प) आहे. त्याला बायोगॅस यंत्रणा जोडली तर क्लबहाऊसच्या स्वयंपाकाचा गॅस फुकट मिळेल, असे एक विक्रेता सांगतो. पैसे घालावेत का? – सोसायटीचे सचिव, पिंपरी-चिंचवड

घालू नका. आधी पाठकोऱ्या कागदावर हिशोब करून बघा. आठशे माणसे, माणशी सव्वाशे लिटर, म्हणजे दिवसाला एक लाख लिटर मैलापाणी. पाण्यातली सेंद्रिय घाण सीओडीने मोजतात. घरगुती पाण्यात ती लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे रोजची ४० किलो. एक किलो सीओडीतून फार तर ०.३५ घनमीटर मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, निघतो, म्हणजे सगळे मिळून १४ घनमीटर. इतक्या पातळ पाण्यात त्यातला निम्मा हाती लागला तरी खूप, कारण काही घाण पचत नाही आणि काही मिथेन पाण्यात विरघळून निघून जातो. उरलेले ७ घनमीटर म्हणजे जेमतेम साडेपाच किलो एलपीजी. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो असतो. दोनशे घरांमागे रोज अर्धा सिलिंडरसुद्धा नाही! त्यात तुमचा एसटीपी बहुधा ब्लोअरने हवा सोडणारा असणार, आणि हवेत काम करणारे जिवाणू मिथेन तयारच करत नाहीत.

तुमच्याकडे खरा माल आहे तो पाण्याचा. एक लाख लिटर म्हणजे दहा हजारी दहा टँकर. फ्लशला आणि बागेला ते वापरा, उरेल ते जवळच्या बांधकामाला द्या. रहिवासी वासाची तक्रार करत असतील तर कुठल्याही फ्लॅटमधल्या फ्लश टाकीचे झाकण उघडून पाहा. तळाला काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर आधी ऑपरेटरला विचारा, रात्री वीज वाचवायला ब्लोअर बंद ठेवतो का. बऱ्याच ठिकाणी दुखणे तिथेच असते. बायोगॅस हवाच असेल तर ओल्या कचऱ्यावर करा, त्यात दम आहे.

प्रश्न : बेबी कालव्याच्या पाण्यावर ऊस आहे. वाढ जोरात होते, पण ऊस लोळतो आणि उतारा कमी लागतो. पाण्यात काही दोष आहे का? – शेतकरी, हवेली तालुका

दोष म्हणण्यापेक्षा त्या पाण्यात न मागता मिळालेले खत आहे म्हणा. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) पुणे शहराचे प्रक्रिया केलेले पाणी या कालव्यात सोडतात. शेतीला वर्षाकाठी ६.५ टीएमसी (अब्ज घनफूट) द्यायचे, अशी ही योजना. अशा पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम नत्र सहज असू शकते. एकरी एका पाळीला दोन लाख लिटर पाणी धरले तर सहा किलो नत्र रानात जाते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत साधारण २१ किलो नत्र असते. म्हणजे साडेतीन पाळ्यांत युरियाची एक गोणी पाण्यातूनच पडली. तुम्ही वर नेहमीचा डोस टाकत असणार. ऊस मग पाला आणि उंची वाढवत बसतो, साखर भरत नाही.

पाण्याचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात नेऊन नत्र आणि क्षारता दोन्ही तपासून घ्या आणि तेवढा युरिया कमी करा. मोठ्या बांधणीनंतर (उसाच्या बुंध्याला मातीची भर दिल्यावर) तर हात आखडताच ठेवा. क्षार जास्त निघाले तर निचऱ्याचे चर आधी, बाकी सगळे नंतर. आणि एक सांगून ठेवतो: उसाला चालते ते पाणी कोथिंबीर, पालक, मुळ्याला चालेलच असे नाही. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला ते देऊ नका.

प्रश्न : लघवी पातळ करून झाडांना घालावी, असे वाचले. किळस बाजूला ठेवली तर हे खरे आहे का? – वाचक, रत्नागिरी

खरे आहे. मैलापाण्यातले बहुतेक नत्र आणि जवळजवळ निम्मे स्फुरद लघवीतून येते, आणि तिचा वाटा पाण्याच्या एकूण मापात एक टक्क्याच्या आसपास. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये महिनाभर ठेवा (उघडी ठेवलीत तर नत्र अमोनिया होऊन उडते आणि शेजारी भांडायला येतात), मग आठ-दहा पट पाणी घालून बुंध्याभोवतीच्या मातीत ओता. पानांवर नको. आंबा-नारळाला बेशक.

प्रश्न : आमच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात गाळ पचवणाऱ्या टाकीनंतरच्या पाइपात पांढरा, दगडासारखा थर धरतो. छिन्नीने फोडावा लागतो. तो काय असतो? – ऑपरेटर

स्ट्रुव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा स्फटिक. काही मुतखडेही याचेच असतात. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, सामू (पीएच) चढतो आणि खडा धरतो, म्हणून वळणांवर आणि पंपाच्या तोंडाशी तो जास्त दिसतो. तुम्ही फोडून फेकता ते सावकाश विरघळणारे उत्तम खत आहे. शिकागोच्या स्टिकनी केंद्रात वेगळ्या टाकीत मॅग्नेशियम घालून ते मुद्दाम दाणेदार बनवतात, २०१६ पासून. गाळ न पचवणाऱ्या छोट्या केंद्रांनी मात्र या भानगडीत पडू नये, कारण तेवढे दाट पाणी त्यांच्याकडे नसतेच.

प्रश्न : सिंगापूरसारखे आपणही शुद्ध केलेले सांडपाणी पिणार का? – विद्यार्थिनी, नागपूर

नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून पिते आहे, तेव्हा तंत्राची अडचण नाही. पण आपल्याकडे ती घाई कशाला? तुमच्याच शहरात भांडेवाडीच्या मैलापाणी केंद्रातून दिवसाला १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना उभी राहिली. वीज केंद्राला पाणी लागते मुख्यतः थंड करायला, त्यासाठी धरणाचे पाणी कशाला जाळायचे? मोठ्या कारखान्यांची तहान अशी भागली की धरणातले पाणी नळाला उरते.

प्रश्न : साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून निघालेले पोटॅश दुकानात मिळू लागले आहे. मळीच्या पाण्याने नदीतले मासे मेलेले आम्ही पाहिलेत. त्यातलेच खत कसे वापरावे? – शेतकरी, सांगली जिल्हा

शंका रास्त आहे, पण खत चांगले आहे. ऊस जमिनीतून भरपूर पोटॅश उचलतो. ते रसात येते, साखरेत जात नाही, मळीत साचते. मळी आंबवून अल्कोहोल करणाऱ्या यीस्टलाही ते फारसे लागत नाही. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, उरतो, त्यात ते सगळे येते. या स्पेंटवॉशची सीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे मैलापाण्याच्या अडीचशे पट. नदीत सोडला की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे त्यानेच मरतात. तोच आटवून खास बॉयलरमध्ये जाळला तर वाफ मिळते आणि राखेत पोटॅश राहते. आपण पोटॅश जवळपास सगळे परदेशातून आणतो, म्हणून या राखेच्या खताला केंद्राने अनुदानही दिले.

घेताना भाव असा ताडून पाहा. या खतात किमान १४.५ टक्के पोटॅश असते, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के. म्हणजे म्युरेटच्या एका गोणीची बरोबरी करायला याच्या चार गोण्यांहून थोडे जास्त लागते. चार गोण्या, त्यांची वाहतूक आणि हमाली मिळून एका म्युरेटच्या गोणीपेक्षा स्वस्त पडत असेल तरच घ्या. दुकानदार गोणीला गोणी तोलून दाखवेल, तिकडे लक्ष देऊ नका.