वाचक विचारतात : ऑलिव्हिया कोलमनची कारकीर्द

ऑलिव्हिया कोलमन या ब्रिटिश अभिनेत्रीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : विनोदी मालिकांमध्ये दुय्यम कामं करणारी नटी २०१९मध्ये एकदम ऑस्कर घेऊन जाते. मधल्या काळात ती कुठे होती?

उत्तर : पडद्यावरच होती. फक्त तो पडदा ब्रिटिश टीव्हीचा होता आणि त्यातलं फार थोडं बाहेर पोचलं. केंब्रिजला असताना 'फुटलाइट्स' या विद्यार्थी नाट्यमंडळात तिची डेव्हिड मिचेल आणि रॉबर्ट वेब यांच्याशी ओळख झाली. पुढे ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमधून ती १९९९मध्ये बाहेर पडली. सुरुवातीला हाताला फारसं काम नव्हतं, तेव्हा तिनं घरकाम केलं, तात्पुरत्या सेक्रेटरीच्या नोकऱ्या केल्या. २००३मध्ये मिचेल-वेब जोडीची 'पीप शो' ही मालिका चॅनल ४वर सुरू झाली आणि त्यातली सोफी तिच्याकडे आली. मागोमाग 'ग्रीन विंग', 'रेव्ह', 'ट्वेंटी ट्वेल्व्ह' अशी कामं मिळत गेली. सगळी चांगली, पण बहुतेक एकाच जातीची : हसतमुख, थोडी गोंधळलेली, सोशिक बाई. या साच्यात आयुष्यभर अडकून पडलेल्या गुणी नट्या ब्रिटनमध्ये कमी नाहीत.

साचा मोडला तो २०११च्या 'टिरॅनोसॉर'नं. दिग्दर्शक पॅडी कॉन्सिडाइन स्वतः नट आहे. २००७मध्ये त्यानं एक लघुपट केला होता, त्यातही कोलमन होती आणि त्याच लघुपटातून हा चित्रपट वाढला. भूमिका हॅनाची : जुने कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानात बसणारी, देवाधर्माची, घरी नवऱ्याचा अमानुष मार खाणारी बाई. सनडान्स महोत्सवात आणि ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म पुरस्कारांत तिचा गौरव झाला. पदार्पणासाठीचा बाफ्टा (ब्रिटनचा चित्रपट-टीव्ही पुरस्कार) चित्रपटाला मिळाला, पण अभिनयाच्या यादीत कोलमनचं साधं नामांकनही नव्हतं. यावर ब्रिटनमध्ये बरीच ओरड झाली आणि आमच्या मते ती रास्त होती.

त्यानंतर चित्र भराभर बदललं. २०१३मध्ये एकाच रात्री टीव्हीचे दोन बाफ्टा : एक 'ट्वेंटी ट्वेल्व्ह'मधल्या विनोदासाठी, दुसरा 'अक्यूज्ड'मधल्या गंभीर सहायक भूमिकेसाठी. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये आयटीव्हीवर 'ब्रॉडचर्च'चे आठ भाग दाखवले गेले आणि २०१४मध्ये त्यातल्या पोलीस अधिकारी एली मिलरसाठी प्रमुख अभिनेत्रीचा बाफ्टा आला. दिग्दर्शक योर्गोस लँथिमोसनं २०१५च्या 'द लॉब्स्टर'मध्ये तिला हॉटेलच्या व्यवस्थापिकेचं छोटं काम दिलं होतं. पुढे जिच्यासाठी ऑस्कर मिळालं ती 'द फेव्हरिट'ची राणी ॲन करायला त्यानंच तिला बोलावलं. म्हणजे नाट्यशाळेतून बाहेर पडल्यापासून ऑस्करपर्यंत वीस वर्षं. वळण शोधायचं तर ते २०११मध्ये शोधावं, २०१९मध्ये नाही.

प्रश्न : तिचं खरं नाव सारा आहे असं वाचलं. मग ऑलिव्हिया का?

उत्तर : सारा कोलमन नावाची एक नटी 'इक्विटी'च्या नोंदवहीत आधीच होती. इक्विटी ही ब्रिटनमधल्या कलावंतांची कामगार संघटना, स्थापना १९३०ची. दोन सभासदांचं व्यावसायिक नाव एकच असू नये असा तेव्हा तिचा नियम होता. त्यामागचं कारण व्यवहाराचं : मानधन, पुनःप्रक्षेपणाचे पैसे आणि श्रेयनामावली भलत्याच्या खात्यावर जाऊ नये. नाव अडलं की मधलं नाव घालत, आईचं आडनाव लावत किंवा पहिलं नाव बदलत. कोलमननं आडनाव ठेवलं आणि विद्यापीठातल्या एका मैत्रिणीचं नाव आवडायचं, ते पुढे जोडलं. असा बदल पहिल्या कामाआधीच करावा. दोन-चार श्रेयनामावल्यांत जुनं नाव आल्यावर बदललं तर आधीचं काम कुणाचं हे प्रत्येक वेळी पटवून द्यावं लागतं.

प्रश्न : 'पीप शो'मध्ये सगळेच थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात. हे चित्रित कसं करतात? नटाला त्याचा त्रास होत नाही का?

उत्तर : होतो, भरपूर होतो. या मालिकेत आपण प्रत्येक क्षण कुठल्या तरी पात्राच्या डोळ्यांतून बघतो. पहिल्या पर्वात त्यासाठी नटांच्या डोक्यावर कॅमेरे बांधण्याचे प्रयोग झाले. नेहमीच्या पद्धतीत दोन नट समोरासमोर असतात आणि कॅमेरा एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याला टिपतो. इथे मार्क (मिचेलचं पात्र) सोफीशी बोलत असेल तर सोफीला भिंगात बघायचं आणि मार्कचं काम करणारा नट कॅमेऱ्याला चिकटून उभा राहून वाक्यं म्हणणार. मग सगळं उलटं करायचं. तीन पात्रांचा प्रसंग असेल तर तोच प्रसंग निदान तीन जागांहून, तीन वेगवेगळ्या उंचीवरून, पुन्हा पुन्हा.

चुका होतात त्या नजरेच्या. आवाज भिंगाच्या बाजूनं येतो, त्यामुळे डोळे नकळत तिकडे वळतात. नजर बोटभर सरकली तरी पात्र प्रेक्षकाच्या कानाशी बोलतंय असं दिसतं आणि टेक फुकट जातो. दुसरी अडचण मनातल्या बोलण्याची. मार्कचे विचार आपल्याला ऐकू येतात, पण सोफीला ते ऐकू येत नाहीत. तेवढा वेळ तिनं गप्प राहायचं आणि तरीही चेहऱ्यावर काहीतरी चालू ठेवायचं. मान हलवली तर विचार ऐकल्यासारखं होतं, काहीच केलं नाही तर चित्र गोठल्यासारखं. सोफीच्या त्या अवघडलेल्या शांतता नीट बघा. पुढे गंभीर भूमिकांमध्ये जे कौतुकाचं ठरलं, ते भिंगासमोर न बोलता टिकून राहणं इथे विनोदासाठी वापरलेलं आहे.

प्रश्न : ब्रिटिश मालिका सहा-आठ भागांतच का संपतात? त्यात नटांचं नुकसान नाही का?

उत्तर : विनोदी मालिका बहुधा एक-दोन लेखकच लिहितात. 'पीप शो'चं मुख्य लेखन जेसी आर्मस्ट्राँग आणि सॅम बेन या दोघांचं. दोन माणसं वर्षाला सहा अर्ध्या तासांहून फार काही चांगलं लिहू शकत नाहीत. अमेरिकेत लेखकांची मोठी फळी असते, भाग वीसच्या घरात जाऊ शकतात आणि नटाकडून अनेक वर्षांचा करार आधीच लिहून घेतात. ब्रिटनमध्ये करार बहुधा एका पर्वाचा, फार तर पुढच्या पर्वाचा पर्याय राखून.

तोटा उघड आहे : मधल्या महिन्यांत उत्पन्न नाही आणि पुढचं पर्व होणार की नाही हे उशिरा कळतं. दुसरं काम घेतलं आणि जुन्या मालिकेला त्याच तारखा हव्या झाल्या की एजंटची कसरत सुरू होते. पण फायदाही तितकाच खरा. 'पीप शो'ची पर्वं २००३, २००४, २००५, २००७, २००८, २००९, २०१०, २०१२ आणि २०१५ या वर्षांत आली, नऊ पर्वं मिळून ५४ भाग. मधल्या मोकळ्या महिन्यांत चित्रपट झाले, दुसऱ्या मालिका झाल्या, रंगभूमीही सुटली नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरमधलं २०१७चं 'मॉस्किटोज' हे नाटक तर 'ब्रॉडचर्च' संपलं त्याच वर्षीचं.

प्रश्न : 'द नाइट मॅनेजर'मध्ये तिची अधिकारी गरोदर दाखवली आहे. कादंबरीत तसं नाही.

उत्तर : कादंबरीत तो अधिकारी पुरुष आहे. मालिकेसाठी त्याची अँजेला बर झाली आणि चित्रीकरणाच्या वेळी कोलमन खरोखरच गरोदर होती. दिग्दर्शिका सुझान बिअरनं ते लपवण्याऐवजी कथेत घेतलं. लपवायचं म्हटलं की सैल कोट, हातातल्या फायली, टेबलाआड बसवणं आणि सतत जवळचे शॉट एवढंच हातात उरतं, आणि धावपळ करणारी गुप्तहेर कायम टेबलाआड बसलेली किती काळ खपेल? त्यातून प्रसंग कथेच्या क्रमानं चित्रित होत नाहीत, पोट मात्र तारखेच्या क्रमानं वाढतं.

प्रश्न : राणी दुसऱ्या एलिझाबेथवरच्या 'द क्राउन' मालिकेत दर दोन पर्वांनी राणीच बदलली. मेकअपनं वय वाढवता आलं नसतं का? आणि क्लेअर फॉयचे डोळे निळे, कोलमनचे तपकिरी, हे कुणाला खटकलं नाही?

उत्तर : खटकलं होतं. आधी कोलमनला निळी काँटॅक्ट लेन्स घालून पाहिली, मग संगणकावर डोळ्यांचा रंग बदलून पाहिला. दोन्ही सोडून दिलं, कारण त्यानंतर समोरची बाई कोलमन वाटेना आणि तिच्या नजरेत जे घडतं तेच पुसलं जायला लागलं. निर्णय योग्य होता असं आम्हाला वाटतं. प्रेक्षक नव्या राणीला पहिल्या भागातच स्वीकारतो. मेलेली नजर मात्र तो दहा भाग सहन करत नाही.

वयाचंही तसंच. सिलिकॉनचे तुकडे चिकटवून वय वाढवता येतं, पण रोज सकाळी काही तास त्यात जातात, दिवस चढला की घामानं कडा सुटू लागतात आणि गालाच्या बारीक हालचाली दबतात. ही राणी तर ओठांच्या कोपऱ्यातूनच बोलते. दोन-तीन प्रसंगांपुरतं हे जमतं, वीस भागांना नाही. म्हणून पहिली दोन पर्वं फॉय, २०१९ आणि २०२०ची दोन कोलमन, शेवटची दोन इमेल्डा स्टाँटन अशी वाटणी झाली.

कोलमनची खरी अडचण वेगळीच होती. तिला चटकन रडू येतं, आणि राणीनं रडायचं नाही. तिसऱ्या पर्वात एबरफॅनचा भाग आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या या गावातल्या शाळेवर कोळशाच्या खाणीचा ढिगारा कोसळला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. राणी तिथे आठ दिवसांनी गेली. पाहणाऱ्यालाही आवंढा गिळावा लागतो असे प्रसंग या मालिकेत आहेत. कोलमननंच सांगितलेला उपाय असा : कानात छोटा इअरपीस घालायचा आणि त्यावर बीबीसी रेडिओचं नौकानयनासाठीचं हवामानवृत्त लावायचं. समुद्रविभागांची नावं, वाऱ्याचा जोर, दृश्यता, सगळं एका सुरात. अर्धं लक्ष तिकडे गेलं की डोळे कोरडे राहतात. उरलेल्या अर्ध्या लक्षात संवाद, जागा आणि समोरच्याची वाक्यं सांभाळायची, हे मात्र ज्याला-त्याला जमण्यासारखं नाही. संवाद पाठ असून चालत नाहीत, ते अंगवळणी पडलेले लागतात.

प्रश्न : 'द फेव्हरिट'मध्ये एमा स्टोन आणि रेचल वाइझ पडद्यावर कोलमनइतक्याच दिसतात. मग त्या दोघी सहायक आणि ही प्रमुख, हे कुणी ठरवलं?

उत्तर : शिफारस निर्मात्यांची, निर्णय मतदारांचा. ऑस्करला कुणाचा किती मिनिटांचा वावर यावर प्रमुख-सहायक ठरवणारा नियम नाही. चित्रपट कंपनी आपल्या प्रचारात कोण कुठल्या गटात ते सांगते, पण अकादमीच्या अभिनय शाखेचे सभासद नामांकनाच्या वेळी हवं त्या गटात नाव लिहू शकतात. एकाच कामासाठी दोन्ही गटांत नामांकन मात्र मिळत नाही. तिघींना प्रमुख गटात उभं केलं असतं तर आपसांतच मतं फुटली असती. आमचं मत विचाराल तर स्टोनची भूमिका सरळसरळ प्रमुख आहे, कथा तिच्याबरोबर सुरू होते. मात्र गोष्टीतली सत्ता राणीकडे आहे आणि प्रत्येक प्रसंगाचा तोल ती बदलते. गाऊटनं सुजलेले पाय, हट्ट आणि अधूनमधून लागणारा अपमानाचा चटका हे सगळं कोलमन एकाच वाक्यात आणते. भूमिकेसाठी तिनं सुमारे १६ किलो वजन वाढवलं होतं. चित्रीकरण हॅटफील्ड हाउसमध्ये, बरंचसं खिडकीच्या आणि मेणबत्त्यांच्या उजेडात झालं. भिंगं इतकी रुंद, की जवळून टिपलेल्या चेहऱ्यामागेही अख्खी खोली दिसते.

प्रश्न : माझ्या मुलीला ब्रिटनमधल्या नाट्यशाळेत जायचं आहे. चाचणीत काय विचारतात?

उत्तर : बहुतेक ठिकाणी दोन स्वगतं : एक शेक्सपिअर किंवा त्याच्या काळातलं, एक आधुनिक, प्रत्येकी साधारण दोन मिनिटं. अचूक मर्यादा शाळेच्या सूचनेत असते, ती ओलांडू नये. मध्येच थांबवतात आणि मग शेवटासाठी राखलेला कळस राहूनच जातो. पहिली फेरी अनेकदा व्हिडिओवर असते : फोन आडवा, मागे साधी भिंत, उजेड समोरून, छातीपासून वरचं चित्र, नजर भिंगाच्या किंचित बाजूला. संकलन आणि संगीत नको. मुली हमखास घसरतात त्या दोन गोष्टींत. एक, दोन्ही स्वगतं आक्रोशाची निवडतात, म्हणजे परीक्षकांना एकच रंग दिसतो. दुसरी, उसना इंग्रजी उच्चार, ज्यात सगळी शक्ती जिभेवर खर्च होते. स्वतःच्या वयाची भूमिका घ्यावी आणि पूर्ण नाटक वाचून जावं, कारण त्याच व्यक्तिरेखेबद्दल पुढे प्रश्न येतात आणि तेच वाक्य वेगळ्या तऱ्हेनं करून दाखवायला सांगतात. पाठ केलेली एकच चाल असेल तर तिथे उघडं पडायला होतं.

प्रश्न : तिचं काम पाहायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : 'ब्रॉडचर्च'च्या पहिल्या पर्वापासून. शेवटचा भाग कुणी आधीच सांगून टाकला नसेल तर भाग्यवान आहात. नंतर 'पीप शो'चं चौथं पर्व, मग 'द फेव्हरिट'. 'टिरॅनोसॉर' जेमतेम दीड तासाचा आहे, पण त्यातली हिंसा खरोखर जड जाते, तेव्हा मन थाऱ्यावर असताना लावा. 'द क्राउन' पाहून झाल्यावर २०१२चा 'हाइड पार्क ऑन हडसन' सापडला तर बघा. त्यात ती सहाव्या जॉर्जची राणी झाली आहे, म्हणजे पुढे जी एलिझाबेथ तिनं साकारली तिचीच आई.