मूळ काय होते?

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

राजा रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीला स्वतःचा चेहरा बसवून तू जी मालिका केलीस, ती पाहून एका परीक्षकाने ‘यात तुझे काय?’ असे विचारले आणि दुसऱ्याने ‘उत्तर-आधुनिक कलेत सगळे चालते’ असे म्हणून तुझी बाजू घेतली. तू पहिल्याच्या बोलण्याने दुखावलीस. मला राग आला तो दुसऱ्याचा. प्रतिमा उचलणाऱ्याला विचारण्याजोगा प्रश्न एकच असतो: मूळ काय होते?

अमेरिकन कलावंत शेरी लेव्हिनचे काम तू अभ्यासले आहेस. वॉकर इव्हान्सने 1936 मध्ये अलाबामात वाट्याने शेती करणाऱ्या गरीब कुटुंबांची छायाचित्रे काढली. त्यांच्या छापील प्रतींची लेव्हिनने जशीच्या तशी पुन्हा छायाचित्रे काढली आणि 1981 मध्ये स्वतःच्या नावाने मांडली. यात काही घडले असेल, तर ते मुळामुळे. त्या कुटुंबांचे दारिद्र्य एका पुरुष कलावंताच्या नावावर आधीच ‘कलाकृती’ म्हणून जमा झालेले होते, म्हणूनच मालकीचा प्रश्न उघडा पडला. तिने मांजरीच्या पिल्लांचे पोस्टकार्ड उचलले असते, तर आज तिचे नावही कोणी घेतले नसते.

कलावंत पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत 2000 ते 2004 या काळात केलेली दक्षिण भारतीय स्त्रियांची मालिका पुन्हा पाहा. रविवर्म्याची चांदण्यातली स्त्री असो वा चौकड्यांच्या पडद्यापुढे उभे करून देशी बायकांची मापे घेणारे वसाहतकालीन छायाचित्र असो, त्या स्वतः वेशभूषा करून, पार्श्वभूमी रंगवून घेऊन त्या चौकटीत उभ्या राहतात. ते पडदे आणि ती वस्त्रे उभी करताना मूळ प्रतिमा कशी रचली होती, हे अंगवळणी पडते. तुझा चेहरा संगणकावर किती वेळात बसला, हे मी विचारत नाही. मूळ काय होते, हे विचारतो.

हा प्रश्न न्यायालयातही टळत नाही. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने छायाचित्रकर्ती लिन गोल्डस्मिथच्या 1981 मधील छायाचित्रावरून गायक प्रिन्सची चित्रे केली. त्यांतले एक पुढे एका मासिकाला वापरण्यास दिले गेले, आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी छायाचित्रकर्तीचा दावा उचलून धरला. मासिकात प्रिन्सचा चेहरा छापणे हाच दोन्ही प्रतिमांचा उपयोग होता, हा त्या निकालाचा गाभा. म्हणजे मूळ कशासाठी होते, याचाच विचार न्यायमूर्तींनी केला.

आता तुझी लक्ष्मी. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि एका जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तिथे चित्रे दगडावरून छापली जात, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. घरी नेलेल्या देवीला लोक जरतार आणि टिकल्या लावून सजवत, म्हणजे त्या चित्रात तुझ्याही आधी अनेकांनी हात घातला होता. हे तुला ठाऊक असते, तर तुझ्या चेहऱ्याने काहीतरी वाद घातला असता. आता तो नुसता चिकटला आहे. तुझ्या निवेदनात ‘विखंडन’ आहे, ‘पुनर्संदर्भीकरण’ आहे, छापखाना मात्र कुठेच नाही.

मी कठोर बोलतो, कारण माझा स्वभावच तसा आहे, आणि कारण मी स्वतः आयुष्यभर जुनी चित्रे हाताने उतरवीत बसलो. बरोबरीचे लोक मांडणशिल्पांकडे वळले, देशोदेशीच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनांत गेले, आणि मला ‘अजून कुंचलाच का?’ असे विचारू लागले. आपले काम फारसे कोणी पाहिले नाही, याची खंत मला आहे, नाही असे म्हणत नाही. तरी उतरवताना मूळ चित्राची एकेक रेघ माझ्या बोटांतून गेली आहे, आणि हा प्रश्न तुला विचारण्याचा अधिकार मला त्यातूनच मिळाला आहे, असे मी मानतो.

तुझी मालिका टाकून देऊ नकोस. कोणाच्या तरी देवघरातली जुनी तसबीर मागून आण, काच काढून भिंगाखाली पाहा. नेटवरून उतरवलेल्या प्रतीत हरवलेले रंगांचे ठिपके तुला दिसतील. ज्या चित्रांचे मूळ तुला सांगता येत नाही ती बाजूला काढ, तीनच उरली तरी चालतील. निवेदन त्यानंतर लिही आणि परीक्षकांना देण्याआधी मला पाठव.

तुझा,
सर