स्मूथ जॅझ आवडतं? मग लाजताय कशाला!

"स्मूथ जॅझ, म्हणजे पॉपकडे झुकणारं मुलायम, सोपं जॅझ, आवडतं म्हटलं की जाणकार हसतात," म्हणता तुम्ही. हसू देत. 'लिफ्टमधलं संगीत' ही टिंगल जुनी आहे, आणि अगदीच निराधार नाही. १९८७ साली लॉस एंजेलिसला 'द वेव्ह' हे या संगीताचं रेडिओ स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून रेडिओवर काम करताना मागे वाजत राहील, कुणाला खुपणार नाही, असंच जास्त लागायचं.

सुरुवातीला एवढंच करा:

- सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअरचा 'वाइनलाइट' (१९८०) हा अल्बम हेडफोन लावून ऐका. एकदा सॅक्सोफोन विसरून फक्त मार्कस मिलरचा बेस आणि स्टीव्ह गॅडचे ड्रम्स ऐका. लिफ्टमध्ये असं वाजत नाही हो!
- मग गिटारवादक जॉर्ज बेन्सनचा 'ब्रीझिन' (१९७६).
- स्मूथ जॅझचा सर्वांत गाजलेला सॅक्सोफोनवादक केनी जी आवडत नसेल तर सगळा प्रकारच टाकाऊ ठरवू नका. २००० साली जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीने त्याला झोडपलं ते मुख्यतः दिवंगत जॅझ दिग्गज लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्डिंगवर आपला सॅक्सोफोन चढवला म्हणून.
- 'खरं जॅझ' ऐकायचं म्हणून लगेच सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या शेवटच्या काळातल्या अवघड संगीतावर उडी नको. मी मारली होती. वर्षभर जॅझकडे फिरकलो नाही. त्याऐवजी आधीच्या पिढीतला जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी घ्या. बेन्सनची गिटार कुठून आली ते लगेच कळेल.