हजार वेळा तसंच घडलं, म्हणजे नियम झाला का?

तुमचा प्रश्न असा की एखादी गोष्ट हजारदा तशीच घडली, तर पुढच्या वेळीही तशीच घडेल हे सिद्ध होतं का. आणि नसेल, तर किती वेळा पाहिलं म्हणजे पुरे.

सिद्ध होत नाही. ‘किती वेळा’ हा भाग तर चांगलाच फसवा आहे. कागद-पेन घ्या. ० पासून एकेक संख्या घेऊन तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा आणि वर ४१ मिळवा. ४१, ४३, ४७, ५३, ६१... सगळ्या मूळ संख्या. मी पंधराव्या पायरीला कंटाळून ‘चालतंय की’ म्हणत सोडून दिलं होतं. ३९ पर्यंत खरंच चालतं, उत्तर १६०१. पण ४० घेतले की १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. ओळीने ४० साक्षीदार एकच बोलले आणि एकेचाळिसावा फुटला!

निरीक्षणांवरून नियमाकडे जाणं म्हणजे विगमन. वारंवार पाहण्याला न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या परंपरेत, नेमका शब्द आहे, भूयोदर्शन. आणि त्याच्यावर भिस्त ठेवू नका हेही तिथेच सांगितलंय. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहदीपिका’ या न्यायग्रंथात उदाहरण हिऱ्याचं आहे. पार्थिव, म्हणजे पृथ्वीतत्त्वाच्या, वस्तूवर लोखंडाने ओरखडा उठतो, हे शेकडो वेळा पाहिलेलं असतं. हिराही त्यांच्या लेखी पार्थिवच, पण त्याच्यावर तो उठत नाही.

मला त्याहून आवडतं ते ओल्या सरपणाचं. ‘जिथे आग तिथे धूर’ हा नियम होत नाही, कारण धूर येतो तो सरपण ओलं असल्यामुळे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात (नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांच्या, मते) आग असते, धूर नसतो. अशा लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. ओल्या लाकडांच्या हजार चुली मोजून ती सापडणार नाही, एक कोरडी पेटवली की सापडेल. तुमच्या हजारही वेळा परिस्थिती तीच असेल, तर मी त्या जवळपास एकच धरेन.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने दाखवलेली अडचण याहून खोल आहे. निसर्ग आजवर नियमाने वागला म्हणून उद्याही वागेल, हे त्याच्या मते पुन्हा विगमनच. म्हणजे विगमनाला जामीन विगमनच. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने १९३४ मध्ये विज्ञानाला विगमन लागतच नाही असं म्हणून वाट काढली. मला ती पुरेशी वाटत नाही. कसोट्यांना उतरलेल्या पुलावरून आपण बिनधास्त जातो, न तपासलेल्यावर पाय ठेवायला कचरतो. ते शहाणपणाचं का, हे त्यातून कळत नाही.