आभाळ आलं की भाजीपाल्यावर कीड वाढते का? लगेच फवारणी करावी का?

भाऊ, दोन दिवस आभाळ आलं की सगळे फवारा म्हणतात, मग मिरची-भेंडीवर खरंच फवारावं का, असं तुम्ही विचारलंय. मी परभणी भागात भाजीपालाच करतो. माझं म्हणणं असं, की आभाळ बघून पंप पाठीला लावू नका, आधी पान उलटून बघा.

प्रत्येक किडीचं हवामान वेगळं असतं. मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यावर बसून रस शोषणारी बारीक कीड, आभाळाचाच. थंड, ढगाळ, दमट हवा त्याला मानवते. त्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते आणि आठ-दहा दिवसांत ती पिल्लंही व्यायला लागतात. कालपर्यंत स्वच्छ दिसणारा शेंडा आठवड्यात चिकट होतो तो यामुळं.

मिरचीवरचे फुलकिडे मात्र उघडिपीत वाढतात. पावसाळ्यात आपल्याकडं पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की पानं वर वळून बोकड्या, म्हणजे पानांचा चुरडा, दिसायला लागतो. झोडपून पाऊस झाला की निम्मं काम तोच करतो, पानांवरचे फुलकिडे धुऊन जातात. लाल कोळ्याला तर कडक ऊनच लागतं. थंडीत त्याची एक पिढी व्हायला दोन-तीन आठवडे जातात, पारा तिशीच्या आसपास गेला की आठवडा पुरतो. वांग्यातल्या शेंडा पोखरणाऱ्या अळीला आभाळाचं फारसं देणंघेणं नाही. ती आत बसलेली असते, सुकलेले शेंडे खुडून जाळावेच लागतात.

एका वर्षी माझी उन्हाळी भेंडी वीतभर असताना आठवडाभर आभाळ राहिलं. दुकानदारानं दोन औषधं एकत्र करून दिली आणि मी भीतीपोटी चार-चार दिवसांनी मारली. मावा गेला, पण तो खाणारे ढालकिडेही गेले. मार्चात ऊन तापलं तशी पांढरी माशी आली, तिला आवरणारं रानात कोणी उरलं नव्हतं. तिनं पसरवलेला हळद्या रोग पडून अर्धा एकर पिवळा झाला, उपटून टाकावा लागला. ते आजही मनाला लागतं.

आता मी सकाळी रानात तिरकं चालत वीसेक झाडं बघतो, प्रत्येकाचं वरचं, मधलं आणि खालचं पान. पान उलटलं की हिरवट पाचरीसारखा किडा खेकड्यागत आडवा पळाला तर तो तुडतुडा. झाड हलवल्यावर पांढरा भुगा उडून परत बसला तर माशी. मिरचीचं फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की पिवळसर रेघेएवढे फुलकिडे चालताना दिसतात. पिवळे आणि निळे चिकट सापळे लावले की आकडा वाढतोय का तेही कळतं.

आणि आभाळाचा एक फायदा सोडू नका. व्हर्टिसिलियमसारखी मित्रबुरशी, म्हणजे किडीला मारणारी बुरशी, ओलाव्यातच वाढते, एप्रिलच्या उन्हात ती वाळून जाते. मावा दिसला आणि पाऊस नसलेला ढगाळ दिवस मिळाला तर संध्याकाळी तीच फवारा. पावसाचा अंदाज असेल तर थांबा, नाहीतर औषध वाहून जातं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मी तो बघूनच फवारणीचा दिवस ठरवतो. युरियाही या दिवसांत हात राखून द्या, लुसलुशीत फुटीवर रस शोषणारी प्रत्येक कीड तुटून पडते.

उद्या सकाळी पानं उलटून बघा आणि काय दिसलं, आडवं पळणारं की उडणारं, ते इथं लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.