गाडीची उंची वाढवणारी लिफ्ट घरी बसवताय? आधी टायर ठरवा, इंच नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की गाडीला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी वर-खाली होणारं), मागे दोन्ही चाकांना जोडणारा, कॉइल स्प्रिंगवरचा सॉलिड अ‍ॅक्सल, आत्ता २४५/७० आर १६ टायर आहेत, ते काढून २६५/७५ आर १६ टाकायचेत आणि ३ इंचाचं स्पेसर किट (गाडी उचलायला सस्पेन्शनमध्ये घालायच्या जाड चकत्या) घेऊन मित्राबरोबर घरीच बसवायचं. जमेल का? जमेल. ब्रेक पॅड, मागचे शॉकअब वगैरे स्वतः बदललेत असं लिहिलंय तुम्ही, म्हणजे पान्याची सवय आहे. पण किटची ऑर्डर अजून दिली नसेल तर जरा थांबा, कारण इंच आधी ठरवून टायर नंतर बघायचा हा क्रमच उलटा आहे. कुठला टायर हवाय ते आधी ठरवा आणि तो न घासता फिरायला जेवढी लागेल तेवढीच लिफ्ट घ्या, त्यापुढचा प्रत्येक अर्धा इंच कुठल्या ना कुठल्या जॉइंटच्या जिवावर येतो.

हिशोब करून बघा. टायरच्या साइजमध्ये पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यात, तिसरा रिमचा व्यास इंचात. २४५/७० आर १६ चा व्यास साधारण ७४९ मिमी, २६५/७५ आर १६ चा ८०४ मिमी. फरक ५५ मिमी, त्याचा अर्धा म्हणजे साधारण २७ मिमी अ‍ॅक्सल वर जाणार. मागच्या डिफरन्शियलखाली (डिफ, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा मधला गोळा) जी जागा वाढते ती एवढीच, आणि ती फक्त टायरमुळे. लिफ्ट ३ इंच करा नाहीतर ५ इंच, सॉलिड अ‍ॅक्सल टायरबरोबर खालीच राहतो, वर जाते ती बॉडी आणि चासी. लिफ्टने पोट वर येतं, पुढच्या-मागच्या बंपरचा कोन सुधारतो, ते खरंच कामाचं आहे, पण "दगड डिफला लागतोय म्हणून लिफ्ट" असं असेल तर उत्तर टायरमध्ये आहे.

आता घासण्याचं. बहुतेकांना वाटतं लिफ्ट केली की मोठा टायर आपोआप बसला. गाडी उभी असताना बसतोच, आर्चमध्ये (चाकावरच्या कमानीत) हात घालून फिरवता येतो इतकी जागा दिसते. पण चाक वर जाऊन जिथे थांबतं ती जागा बंप स्टॉप (रबरी अडथळा) ठरवतो आणि तो चासीवर असेल तर स्पेसर टाकल्याने त्याची जागा बदलत नाही. म्हणजे खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की टायर पूर्वीइतकाच वर येणार, फक्त आता तो मोठा आणि रुंद आहे. म्हणून पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवून "कुठे लागत नाही" म्हणणं काही खरं नाही.

नीट बघायची पद्धत अशी. एक नवा टायर रिमवर चढवून आणा (कोणाकडून त्या साइजचं चाक तासाभरासाठी मिळालं तरी चालेल), पुढच्या एका बाजूचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअबचा एकत्र खांब) काढा, गाडी स्टँडवर असताना चाक लावा आणि लोअर आर्मखाली (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याखाली) जॅक घेऊन हळूहळू उचला, आर्म बंप स्टॉपला टेकेपर्यंत. टायरच्या खांद्याला खडू फासून ठेवा आणि आता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग मधल्या दोन-तीन उंचीवर पुन्हा तेच करा. खडू जिथे उमटेल तिथे टायर लागतोय. बहुतेक वेळा चाकाच्या मागच्या अंगाला, दरवाजाकडच्या बाजूला जिथे पत्र्याची दुमडलेली शिवण असते तिथे आणि प्लास्टिकच्या लायनरवर पांढरं दिसतं, कधी आतून अप्पर आर्मवर. लायनर थोडा कापता येतो, शिवण हातोड्याने बसवून वर प्रायमर-रंग लावता येतो, पण आर्मवर लागत असेल तर रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते माप) बदलावा लागेल, आणि ऑफसेट कमी केला की चाक बाहेर येऊन परत पत्र्याला लागायला लागतं. हे सगळं किट घ्यायच्या आधी कळलेलं बरं.

माझं स्पष्ट मत, तुमच्या गाडीला ३ इंच स्पेसर नको. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शनवर साधारण २ इंचापर्यंत मामला सांभाळता येतो, त्यापुढे सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन इतका वाढतो की त्यावरचा रबरी बूट स्वतःवरच घासून फाटतो आणि मग ग्रीस बाहेर, माती आत. चाक पूर्ण लटकल्यावर अप्पर बॉल जॉइंट (वरच्या आर्मच्या टोकाचा गोल सांधा) टोकाला जाऊन अडकतो, मग वेगळा अप्पर आर्म घ्या, डिफ खाली आणायच्या पट्ट्या घ्या, खर्च आणि काम वाढतच जातं. शिवाय स्ट्रटवरच्या स्पेसरने शॉकअब अख्खाच खाली सरकतो, त्यामुळे जोरात दाबला गेला तर बंप स्टॉपच्या आधी शॉकअबचं तळ लागू शकतं, तो मग फार दिवस टिकत नाही. त्यापेक्षा २ इंच लिफ्ट देणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्या लांबीला जुळणारे शॉकअब असा पूर्ण सेट घ्या, आणि २६५/७५ च्या ऐवजी २६५/७० चा विचार करा, व्यास ७७७ मिमी, दिसायला भरदार, आणि घासण्याचं निम्मं दुखणं तिथेच कमी होतं. आणि हो, स्पेसरच घेतलात तर एक लक्षात ठेवा, ३ इंच लिफ्टचा स्पेसर ३ इंच जाड नसतो. स्ट्रट लोअर आर्मच्या मध्याच्या आसपास बसलेला असतो म्हणून वर अर्धा इंच टाकला की चाकापाशी साधारण एक इंच मिळतो. जाडी बघून "हा तर बारीक आहे" म्हणत एकावर एक दोन लावू नका.

एक काम मात्र घरी करू नका, ते म्हणजे स्ट्रटवरची स्प्रिंग बदलणं. हाताने फिरवायचे दोन हुकवाले कॉम्प्रेसर मिळतात, त्यातला एक सटकला तर स्प्रिंग माणसाचा हात, तोंड काही बघत नाही. वरचा मधला नट, स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरलेली नसताना, कधीही उघडायचा नाही. स्ट्रट काढा, प्रेसवाल्या वर्कशॉपमध्ये नेऊन स्प्रिंग बदलून आणा, परत तुम्हीच बसवा. त्यात काही कमीपणा नाही. बाकी सगळं तुमच्या हातातलं आहे.

काम सुरू करायच्या दोन-तीन दिवस आधीपासून सगळ्या बोल्टांवर रोज गंज सोडवणारं तेल मारत राहा, आट्यांना आधी वायर ब्रश मारून. चारही बाजूंना हबच्या मध्यापासून आर्चच्या काठापर्यंत माप घेऊन लिहून ठेवा, जमिनीपासून नको, टायरच्या हवेने आणि साइजने ते माप बदलतं. पुढच्या लोअर आर्मला अलाइनमेंटचे कॅम बोल्ट (फिरवून चाकाचा कोन बदलणारे) असतील तर त्यांच्या जागेवर पेंटने रेघ मारा. जॅक स्टँड चासीखाली, अ‍ॅक्सलखाली नाही, कारण अ‍ॅक्सल आपल्याला खाली सोडायचाय. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, एक मिनिटाचं काम असलं तरी नाही. जी चाकं खाली आहेत त्यांना घरंगळू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

पुढचं काम करताना दोन्ही बाजू एकदम उचला आणि स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंका दोन्हीकडच्या सोडा, एकच सोडली तर बार ताणात राहून आर्म खाली येऊ देत नाही. ब्रेकचा कॅलिपर काढलात तर तारेने वर बांधा, ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबू देऊ नका. एबीएसची वायर क्लिपमधून आधीच मोकळी करा, ती नेमकी विसरली जाते आणि आर्म खाली आला की तुटते. बॉल जॉइंट निघत नसेल तर नट दोन-चार आट्यांवर ठेवून नकलच्या (हब धरणाऱ्या भागाच्या) बाजूला हातोड्याचे ठोके द्या, जॉइंटच्या दांड्यावर मारलंत तर आटे गेले.

मागचं सोपं वाटतं आणि बऱ्याच अंशी आहे. दोन्ही शॉकअब खालून सोडा, पॅनहार्ड रॉडचं (अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचं) एक टोक सोडा, अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन सावकाश खाली आणा, मित्राला फक्त ब्रेक होज आणि डिफच्या ब्रीदर पाइपकडे (हवेच्या नळीकडे) बघत बसवा. ताणले जायला लागले की थांबायचं. लिफ्टनंतर अ‍ॅक्सल पूर्ण लटकल्यावरही होज ढिली राहिली पाहिजे, नाहीतर लांब होज किंवा ब्रॅकेट लागेल. पॅनहार्ड रॉड तिरका झाला की अ‍ॅक्सल रॉडच्या चासीकडच्या टोकाच्या बाजूला काही मिलिमीटर सरकतो, मागून बघितलं तर एका बाजूचं चाक जास्त बाहेर दिसतं, त्याला अ‍ॅडजस्टेबल रॉड किंवा ब्रॅकेट मिळतं. आणि अ‍ॅक्सलपासून चासीकडे जाणारी बारीक दांडी दिसतेय का बघा, ती मागच्या ब्रेकच्या लोड व्हॉल्व्हची असते. बॉडी वर गेली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. ती दांडी लिफ्टच्या मापाने जुळवून घ्यायलाच हवी.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं त्यावर या. आर्म आणि रॉडच्या बुशांचे (टोकांच्या रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण घट्ट करायचे नाहीत. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. आर्म लटकलेला असताना बोल्ट कसलात की ती लटकलेली जागाच रबराची मूळ जागा ठरते, गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं, मग थोड्याच दिवसांत फाटतं, आवाज यायला लागतो, आणि गाडी उंचीलाही नीट बसत नाही. म्हणून सगळे बोल्ट हाताने बसवा, चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, पुढे-मागे थोडी ढकला, बंपरवर जोर देऊन हलवा, आणि मग खाली आडवं होऊन टॉर्क रेंचने गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करा. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावर पेंटची रेघ ओढा.

तिथून थेट अलाइनमेंटला, वाटेत हळू. तिथे फक्त टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत ते) बघून सोडू देऊ नका, कॅस्टरचा (स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कललाय त्याचा) आकडा मागा. लिफ्टने कॅस्टर सहसा कमी होतो आणि मोठ्या टायरला तो उलट थोडा जास्तच हवा असतो, नाहीतर वळणानंतर स्टिअरिंग स्वतः सरळ होत नाही आणि हायवेला गाडी भटकते. काचेमागे कॅमेरा किंवा पुढे रडार असेल तर त्यांचं कॅलिब्रेशनही करून घ्या. हेडलाइट त्याच दिवशी खाली करा, गाडी उंच झालीये, समोरच्याच्या डोळ्यात जातो.

गाडी चालवताना फरक पडणार, त्याची तयारी ठेवा. २६५/७५ टाकलेत तर स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग साधारण १०७ असेल, २६५/७० ला १०४ च्या जवळ. सगळे गिअर तेवढेच लांब झाल्यासारखे होतात, चढावर एक गिअर खाली लागेल, तेल जास्त पिणार, जड चाक थांबवायला ब्रेकलाही जास्त कष्ट. वजन वर गेलंय म्हणून वळणावर पूर्वीच्या वेगाने घुसू नका. एलटी (लाइट ट्रक) टायर घेतलेत तर तेवढंच वजन उचलायला त्यांना जास्त हवा लागते, दरवाजावरच्या स्टिकरचा आकडा तसाच भरू नका, टायरच्या लोड टेबलवरून काढा. स्टेपनी त्याच साइजची घ्या आणि ती खालच्या जागेत मावते का हे आधी मोजा. विमा आणि नोंदणीचे नियम तुमच्याकडे काय आहेत ते काम सुरू करायच्या आधी लेखी विचारून घ्या.

चाकांचे नट ५० ते १०० किमीनंतर पुन्हा टॉर्क करा, सस्पेन्शनचे सगळे ५०० किमीच्या आसपास. तेव्हा पेंटची रेघ तुटलेली दिसली तो बोल्ट नुसता कसून सोडून देऊ नका, काढून आटे बघा आणि शंका आली तर नवा लावा.