६५ इंचांचा टीव्ही आणि ५४ इंचांची भिंत

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतून एका वाचकांचं पत्र जानेवारीअखेरीस आलं. थोडक्यात मजकूर असा: वय ४१, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर, ओव्हरटाइम धरून हातात ४९,०००. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका, त्यांचे २२,०००. दोन मुलं, सोबत आई. जुन्या घरावर कर्ज काढून वरचा मजला चढवलाय, वर पत्रा. आणि प्रश्न: "पाडव्याला ६५ इंची फोर-के टीव्ही घ्यायचा आहे, ८५,०००. डॉल्बी अ‍ॅटमॉसचा साउंडबार ३९,०००. सुतारकाम, वॉल माउंट, स्टॅबिलायझर मिळून ६,०००. दुकानदार बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय देतोय. जीएसटी पण कमी झालाय. जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप आहे. एसआयपी वर्षभर थांबवावी का एफडी मोडावी? आमचं म्हणणं, नाद करायचा तर पुरा करायचा."

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: "एसआयपी मुलीसाठी आहे, हे त्यांनी लिहिलेलं नाही."

वहिनी, ओळ वाचली. तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही खर्चाचा हिशोब पाठवलात हे बरं केलंत. निम्मे लोक फक्त टीव्हीचं मॉडेल पाठवतात आणि "घेऊ का?" म्हणून विचारतात. घरकर्जाचा हप्ता १७,४००, घरखर्च २७,०००, मुलांची शाळा-क्लास ६,५००, दोन गाड्यांचं पेट्रोल आणि किरकोळ ४,५००, भिशी ३,०००, एसआयपी ३,०००, विमा २,६००. बेरीज ६४,०००. मिळकत ७१,०००. उरतात ७,०००.

आता १,३०,००० भागिले १२ करा. हप्ता १०,८३३. तुमच्याकडे आहेत सात. एसआयपी थांबवली तर दहा. म्हणजे मुलीचे पैसे थांबवूनही दर महिन्याला ८३३ रुपये कमीच पडणार, आणि अजून एकाही अ‍ॅपचे पैसे भरलेले नाहीत.

याहून मोठी गोष्ट तुमच्याच पत्रात आहे. "ओव्हरटाइम धरून" असं तुम्ही लिहिलंय आणि पुढे एका ठिकाणी ओव्हरटाइम साधारण सहा-सात हजार असतो, असंही. याचा अर्थ महिन्याअखेर जे सात हजार उरतात, तो सगळा ओव्हरटाइमच आहे. शिरोली, गोकुळ शिरगावातली मंडळी माझ्याकडे बरीच येतात. ऑर्डर कमी झाली की सगळ्यात आधी तिसरी पाळी जाते, मग ओव्हरटाइम. पगार तसाच राहतो, म्हणून घरात कुणाला लगेच कळतही नाही. हप्ता मात्र बरोबर पाच तारखेला येतो. क्रेडिट कार्डावरचा हप्ता चुकला तर थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाचा दर तुम्हीच काढा.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा शब्द फार गोड आहे. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. बँक व्याज घेतेच. कंपनी किंवा दुकान तेवढी सूट आधी देतं आणि गोळाबेरीज छापील किमतीइतकी होते. कार्डाचा दर १६ टक्के धरला, तर तुमच्या १,३०,००० मध्ये जवळपास १०,६०० रुपये व्याजाचे आहेत. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून, म्हणजे १,९०० च्या वर. प्रोसेसिंग फी वेगळी. ही झाली उघड किंमत. लपलेली किंमत वेगळीच: तुमच्यासाठी जी सूट व्याजात जिरवली, त्यातला काही भाग रोखीच्या गिऱ्हाइकाला थेट मिळू शकतो. राजारामपुरीत जाऊन नुसतं विचारून बघा, "हप्ता नको, आज पैसे देतो, शेवटचा भाव काय?" बोलताना पाकीट हातात धरा. आकडा हलतो.

जीएसटीचं तुमचं म्हणणं खरं आहे. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आज ८५,००० ला असलेला टीव्ही जुन्या करानं ९२,००० च्या पुढे गेला असता. पण हा काही सेल नाही. पाडवा संपला म्हणून तो कर परत २८ होणार नाही. घाई करायला हे कारण पुरत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. नवा टीव्ही कशासाठी, तर तुम्ही लिहिलंय: "२०१८ चा ४३ इंची फुल एचडी आहे. चित्र चांगलं आहे, पण अ‍ॅप उघडायला पाच मिनिटं लागतात, दोन तर चालतच नाहीत." अहो, मग बिघडलाय टीव्ही नव्हे, त्याच्या आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालंय! टीव्हीचा पडदा दहा वर्षं टिकतो. आतला प्रोसेसर आणि मेमरी त्या वर्षीच्या अ‍ॅपपुरतीच बेतलेली असते. अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात, टीव्ही कंपनी तीन-चार वर्षांत अपडेट द्यायचं थांबवते. चांगली बुलेट केवळ कार्बोरेटर तुंबला म्हणून कुणी भंगारात घालत नाही. मागच्या एचडीएमआय पोर्टमध्ये स्ट्रीमिंग स्टिक लावा. तीन ते सहा हजारांत येते, रिमोट बरोबर असतो, आणि तोच जुना पडदा आजच्या अ‍ॅपना आजच्या वेगानं उघडतो. पाडव्याचा मुहूर्त तुम्हाला गाठायचा आहे ना? पाच हजारांची स्टिक घ्या, टीव्हीला हार घाला.

म्हणजे मोठा टीव्ही घेऊच नका, असं मी म्हणत नाही. ज्या गावात तालमींच्या, म्हणजे पेठेपेठेतल्या मंडळांच्या, फुटबॉल मॅचला शाहू स्टेडियम ओसंडतं आणि वर्ल्ड कपला चौकाचौकात अर्जेंटिना-ब्राझीलचे फलक चढतात, तिथं बसून "टीव्ही ही चैन आहे" असं लिहायची माझी छाती नाही. मीही बघणार आहे. फक्त किती मोठा, कधी आणि कुणाच्या पैशानं, एवढंच ठरवायचं.

किती मोठा, हे तुमच्या भिंतीनंच ठरवलंय. तुम्ही फोटो पाठवलात आणि कपाट ते दार साडेचार फूट जागा असल्याचं लिहिलंत. साडेचार फूट म्हणजे ५४ इंच. ६५ इंच हे माप कर्णाचं असतं, आडवा तो पडदा ५६.७ इंच भरतो, वर कडा वेगळ्या. म्हणूनच तर सुतार! टीव्ही मावावा म्हणून सागवानी कपाट कापायचं, हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. ५५ इंची पडदा आडवा ४८ इंच असतो. आरामात बसतो. दिवाण भिंतीपासून सात फुटांवर आहे, त्या अंतराला फोर-केसाठी ५५ अगदी योग्य. त्याच मालिकेतला ५५ इंची तुम्हाला ५८,००० ला सांगितलाय, असं पत्रात आहेच.

दुकानात बघायला जाल तेव्हा एक करा. तिथं चालू असलेला समुद्राचा, फुलपाखरांचा व्हिडिओ बंद करायला सांगा. तो व्हिडिओ टीव्ही विकण्यासाठीच काढलेला असतो, आणि चित्राची सेटिंग सगळ्यात भडक केलेली असते. सेट टॉप बॉक्सवरचं साधं मराठी चॅनेल लावायला सांगा, मग एखादी चालू मॅच. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीत २१ लाखांच्या आत. वरून येणारं चित्रच साधं असेल तर उरलेले ठिपके टीव्हीला अंदाजानं भरावे लागतात, आणि पडदा जितका मोठा तितका तो अंदाज उघडा पडतो. फुटबॉलसाठी १२० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला १२० चौकटी दाखवणाराच हवा, असं विक्रेता सांगेल. थेट प्रक्षेपण सेकंदाला ५०-६० चौकटींपलीकडे जात नाही. त्यासाठी जादा दहा हजार मोजू नका. मागे ईएआरसी लिहिलेलं एचडीएमआय पोर्ट आहे का, एवढं मात्र नक्की बघा. पुढे कधी साउंडबार घेतलात तर ते लागेल.

साउंडबार आत्ता नको. त्यात पैशांपेक्षा पत्रा आडवा येतो. अ‍ॅटमॉसचे वरच्या दिशेनं तोंड असलेले स्पीकर आवाज छताकडे फेकतात, तो सपाट छतावर आपटून खाली आला की डोक्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं. तुमचं छत उतरतं, तेही पत्र्याचं. आवाज भलतीकडेच जाणार. शिवाय वर्ल्ड कप ११ जून ते १९ जुलै २०२६, म्हणजे ऐन पावसाळ्यात. कोल्हापूरचा जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळत असताना ३९,००० रुपयांचा साउंडबार पावसाचा नकली आवाज काढणार, आणि त्याच वेळी खरा पाऊस फुकटात त्याच्यावर मात करणार. फायनल आपल्याकडे रविवारी मध्यरात्री साडेबाराला सुरू होईल. खाली आई झोपलेल्या, पलीकडे चुलत घर, भिंत सामाईक. आवाज किती वाढवणार? आणि खरं सांगा, फायनल तुम्ही घरात बघणार, की तालमीत पडदा लावून पोरांबरोबर?

महिन्याच्या खर्चाकडे येऊ, तो दुकानात कुणी सांगत नाही. टीव्ही फोर-के घेतला म्हणून चित्र फोर-के येत नाही, त्याचा प्लॅन वेगळा असतो. नेटफ्लिक्सचं फोर-के सगळ्यात वरच्या, ६४९ रुपयांच्या प्लॅनमध्येच मिळतं. पाच वर्षं चालू ठेवला तर ३८,९४० रुपये होतात. म्हणजे जो साउंडबार मी तुम्हाला घेऊ देत नाहीये, नेमका तोच. तुमच्या यादीत अशी चार अ‍ॅप आहेत. एका वेळी एकच चालू ठेवा. एक महिना हे, बघून झालं की बंद, पुढच्या महिन्यात ते. मुलं कुरकुर करतील, मग सवय होते. आपोआप पैसे कापून घेण्याची परवानगी मात्र यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द करा, नाहीतर बंद केलेलं अ‍ॅप तुम्हाला विसरत नाही. इंटरनेटची लाइन वाढवू नका. फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात, तुमची ४० ची आहे. राउटर खालच्या मजल्यावर जिन्यापाशी असेल तर वरपर्यंत केबल ओढून घ्या. शे-दोनशे रुपयांचं काम.

आता पैसे. एफडी १,६०,००० ची आहे, म्हणजे तुमच्या अडीच महिन्यांच्या खर्चाएवढी. फाउंड्रीत काम करणाऱ्याकडे किमान सहा महिन्यांचे असावेत. ती आधीच कमी आहे, तिला हात नाही. एसआयपीचं वहिनींनी सांगून टाकलंय.

भिशी मात्र तुम्ही हिशोबात धरलीच नाही. बारा जणांची, सप्टेंबरला सुरू झालेली, तुमचा नंबर नववा, म्हणजे मे महिन्यात. ३६,००० हातात येतील. त्यातले २७,००० तुमचेच भरलेले आणि ९,००० पुढच्या तीन महिन्यांचे उचल घेतल्यासारखे. लवकरचा नंबर असता तर नको म्हटलं असतं, कारण पहिला नंबर म्हणजे कर्जच. नववा चालतो. फेब्रुवारी ते मे चार महिने सात-सात हजार बाजूला टाका, २८,०००. त्यातून पाडव्याच्या स्टिकचे पाच गेले, २३,००० राहिले. भिशीचे ३६,००० मिळवा. ५९,०००. टीव्ही ५८,००० चा. रोखीनं, वर्ल्ड कपच्या आधी, आणि जूनच्या पाच तारखेला कुणाचा मेसेज नाही. मधल्या काळात ओव्हरटाइम थांबला तर? तर टीव्ही दिवाळीला घ्याल, मॅच ४३ इंचावर बघाल, आणि बँकेचं देणं काही नसेल. ईएमआयवर घेतला असता तर हाच प्रश्न फार वेगळ्या आवाजात विचारावा लागला असता.

जुना टीव्ही चार हजारांत एक्स्चेंजला देऊ नका. स्टिकसकट खाली आईंच्या खोलीत लावा. त्या मालिका बघतात, त्यांना ४३ इंच भरपूर, आणि रात्री वर कोण काय बघतंय याची त्यांना पर्वा राहणार नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायचीच असेल तर कागदावर "पॅनेल", म्हणजे पडदा, हा शब्द आहे का बघून घ्या. टीव्हीत महाग वस्तू तेवढीच. स्टॅबिलायझरपेक्षा चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग बघा. वळवाच्या विजांत मात्र केबल काढून ठेवणं हाच उपाय.

आणि सुताराला बोलावलं असेल तर आजच फोन करून नको म्हणून सांगा.